भुऱ्याच्या तारखा: कुत्रं-मांजर परदेशी न्यायचं तर

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. पीक कर्जासाठी सातबारा काढायची रांग माझ्या सेवा केंद्राच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली होती. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हे एकच दुकान. आधार, पीक विमा, रहिवासी दाखला, शाळेचे फॉर्म, सगळं इथंच. रांगेतले एक काका नंबर आल्यावर काउंटरवर वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "भाऊ, कुत्र्याचा पासपोर्ट निघते का हो तुमच्याइथं?"

मागची रांग हसली. मीही हसलो. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्याच कामात होतो.

काकांची पोरगी नर्स आहे. तिला जर्मनीत नोकरी लागली होती, जूनअखेर निघायचं होतं, आणि घरचा भुऱ्या तिला सोबत न्यायचा होता. भुऱ्या म्हणजे गावठी कुत्रा, उभ्या कानाचा, वाळल्या पऱ्हाटीच्या रंगाचा. कॉलेजात असताना तिनेच त्याला वर्ध्याच्या बसस्टँडवरून पिशवीत घालून आणलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं: माझा व्हिसा झाला, आता याचं तिकीट काढा. मी दोन रात्री नियम वाचत बसलो आणि तिला फोन केला, "ताई, तू जूनमध्ये जा. हा ऑक्टोबरच्या आत निघत नाही. पैसा कितीही ओतला तरी नाही."

हा ऑक्टोबर कुठून आला ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

भीती एकाच रोगाची

बाहेरच्या देशांना आपल्या कुत्र्याची अडचण नाही, त्याच्यासोबत येऊ शकणाऱ्या रेबीजची आहे. आपल्याला हा रोग पुस्तकातून शिकावा लागत नाही. पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं की घरोघरी आतून कड्या लागतात, आणि कुणाला चावलं तर त्याच दिवशी इंजेक्शनाला पळायचं असतं, हे आपल्या लहान पोरालाही माहीत असतं. लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने रेबीजच्या जगभरातल्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात.

ज्यांनी हा रोग हाकलला ते दार लावून बसले आहेत. ब्रिटनने १९२२ मध्ये तो आपल्या कुत्र्यांमधून संपवला. जपानमधल्या जनावरांत १९५७ नंतर तो आढळला नाही. ब्रिटनमध्ये तर २००० सालापर्यंत बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनच्या पिंजऱ्यात काढावे लागायचे. पुढे चिप, लस आणि रक्ततपासणी या तिघांनी मिळून तो पिंजरा उघडला. मला हे वाचल्यावर नियमांचा राग जरा कमी झाला. थांबायचं आहेच, पण आता कुत्रं आपल्या ओसरीवर थांबतं.

युरोपीय संघाने रेबीजचा धोका कमी असलेल्या देशांच्या याद्या केल्या आहेत. यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला चिप आणि लस पुरते. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला पूर्ण फेरा मारावा लागतो.

आधी बिल्ला, मग लस

पहिलं काम चिपचं. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी जाड सुईने मानेमागच्या कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसते. कुत्रं हरवलं तर ते कुठं आहे हे चिप सांगत नाही. यंत्र जवळ धरलं की ती फक्त १५ आकडी नंबर सांगते. हा नंबर आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांतला हवा, म्हणजे तिकडच्या विमानतळावरच्या यंत्रालाही तो वाचता येतो.

आमच्याकडच्या ढोरांच्या दवाखान्यात चिप नव्हती, ती नागपूरहून मागवली. डॉक्टरसाहेबांचं आयुष्य म्हशींच्या कानात १२ आकडी पिवळे बिल्ले मारण्यात गेलेलं. पाकीट उघडून त्यांनी ती कुपी उजेडात धरली आणि म्हणाले, "म्हंजे बिल्लाच आहे, फक्त आतून." याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही. सुई पाहून काकांनी तोंड फिरवलं. भुऱ्या एकदा कुंई करून काकांचा हात चाटायला लागला. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, टिक वाजलं, हिरव्या पडद्यावर नंबर आला. मी तो पाकिटावरच्या स्टिकरशी तीन वेळा पडताळून पाहिला. आधारमध्ये एक आकडा चुकला तर काय होतं ते मी रोज बघतो.

आता खरी मेख. भुऱ्याला रेबीजची लस आधीच मिळालेली होती. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिनाला गावोगावी मोफत शिबिरं लागतात, तसल्या एका शिबिरातली. पुस्तकात तारीख होती, सही होती. काका ते पुस्तक पिशवीतून काढून मोठ्या विश्वासाने दाखवत होते. युरोपच्या हिशेबी ती लस शून्य, कारण ती टोचली तेव्हा चिप नव्हती. ज्या दिवशी आधारच निघालं नव्हतं, त्या दिवशीचा अंगठा कुणाचा म्हणायचा? लस या कुत्र्याला दिली की शेजारच्याला, याचा पुरावा नाही. चिप आधी, लस नंतर. एकाच दिवशी दोन्ही चालतं, पण क्रम हाच. म्हणून १२ जूनला चिप टोचून लगेच दुसऱ्यांदा रेबीजची लस दिली. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर डॉक्टरांना सांगून पुस्तकात चिकटवून घेतलं, कारण बॅच नंबर लागतो.

पिल्लू असेल तर ते किमान १२ आठवड्यांचं झाल्यावरच ही लस धरली जाते. पुढची मात्रा मुदत संपायच्या आत द्यायची. एक दिवस जरी उशीर झाला, तरी ती पुन्हा पहिली लस समजतात आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर.

पेरलं, पण उगवलं का?

पेरलं म्हणजे उगवलंच, असं आपल्याकडे कुणी समजत नाही. आठ दिवसांनी वावरात जाऊन तास मोजावे लागतात. रक्ततपासणी म्हणजे नेमकं तेच. लस टोचली हे पुस्तक सांगतं. ती अंगात उगवली का, म्हणजे रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी पुरेशी झाली का, हे रक्त सांगतं. प्रत्येक मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही पासिंगची रेघ. ०.५ आले काय आणि ५ आले काय, पासच. त्याखाली आले तर दुबार पेरणी: पुन्हा लस, पुन्हा थांबणं, पुन्हा रक्त.

हे रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढायचं, आधी नाही. नुसतं काढूनही भागत नाही. ते गोठू द्यायचं, यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करायचं, आणि गार ठेवून युरोपीय संघाच्या यादीतल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. फ्रान्समधल्या नॅन्सीची प्रयोगशाळा त्यातली प्रमुख, अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाचीही प्रसिद्ध आहे. गावात ते फिरवायचं यंत्र कुठून येणार? भुऱ्याला नागपूरला न्यायचं ठरलं. १२ जुलैला निघणार होतो, तर पुलावरून पाणी. तीन दिवस रस्ता बंद. रक्त निघालं १५ जुलैला.

आणि इथून तीन महिने मोजायचे. अहवाल कधी आला याच्याशी संबंध नाही, रक्त काढल्याची तारीख धरायची. म्हणजे पुलावरच्या पाण्याने आमचे जुलैतले तीन दिवस खाल्ले आणि ऑक्टोबरमधलेही तीन दिवस खाल्ले. १५ जुलै ते १५ ऑक्टोबर. तोच हा ऑक्टोबर.

काकांनी विचारलं, "रगत पास झालं ना, मंग आता कायले थांबाचं?" प्रश्न बरोबर आहे, आणि बहुतेक जण इथंच चिडतात. रेबीजचा विषाणू चावल्या जागेवरून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. त्या काळात कुत्रं धडधाकट दिसतं, खातं, खेळतं. समजा लस टोचायच्या आठ दिवस आधीच एखादं पिसाळलेलं कुत्रं त्याला चावून गेलं. रक्त पास होईल, आणि रोग आत चालतच राहील. तीन महिन्यांत तो बहुधा बाहेर दिसतो. म्हणजे रक्ताचा अहवाल लसीची खात्री देतो, आणि तीन महिने लसीआधी काही घडलं नव्हतं याची.

या थांबण्यावर तोड सांगणारे भेटतात. एका एजंटने काकांना फोनवर सांगितलं होतं की मागची तारीख टाकून लसीचा कागद करून देतो, महिन्यात कुत्रं पोचवतो. काका भुलले होते, मी अडवलं. लसीची तारीख मागे नेता येईल, पण प्रयोगशाळेचा अहवाल थेट तिच्याकडून पडताळला जातो. अशा बनावट लसपत्रांपायीच अमेरिकेने २०२१ मध्ये भारतासह रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांतून कुत्री आणणं काही काळ जवळजवळ थांबवलं होतं. कागद खोटा निघाला तर प्राणी परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने कोंडून ठेवतात. दोन्ही जमलं नाही तर मारण्याचीही तरतूद युरोपच्या कायद्यात आहे. आणि ती शिक्षा भोगतो भुऱ्या, एजंट नाही. चांगले एजंटही आहेत. ते पिंजरा, कार्गोचं बुकिंग, कागदांची धावपळ नीट करतात. पण तीन महिन्यांचे अडीच करून देतो म्हणणारा भेटला की फोन ठेवायचा.

आमदारसायबाचं पत्र चालन का, हेही काकांनी विचारून झालं. त्यांना मी जॉनी डेपची गोष्ट सांगितली. हॉलीवूडचा एवढा मोठा नट. २०१५ मध्ये त्याची पिस्टल आणि बू ही दोन चिमुकली कुत्री खाजगी विमानाने, न सांगता ऑस्ट्रेलियात उतरली. तिथल्या मंत्र्याने जाहीर सांगितलं, परत न्या नाहीतर मारावी लागतील. कुत्री परत गेली. काका पुन्हा पत्राचं बोलले नाहीत.

मालक कुठं, कुत्रं कुठं

पोरगी जूनमध्ये गेली, भुऱ्या ऑक्टोबरमध्ये जाणार. यात एक गाठ होती, ती मला ऑगस्टमध्ये कळली. कळायला हवी होती जूनमध्ये. घरचा प्राणी म्हणून सवलतीच्या नियमांनी न्यायचा, तर मालकाचा प्रवास आणि प्राण्याचा प्रवास यांच्यात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. दुसऱ्या कुणाला लेखी अधिकार देऊन कुत्रं पाठवता येतं, पण पाच दिवसांची अट तशीच राहते. अंतर वाढलं की तो व्यापारी माल, आणि मालाचे नियम वेगळे नि कडक. पाचपेक्षा जास्त प्राणी असतील तरी तेच.

म्हणून ठरलं: पोरगी दिवाळीला घरी येईल आणि परतीच्या विमानात भुऱ्या तिच्यासोबत जाईल. तिच्या आईला हे सगळ्यात आवडलं. कुत्र्याच्या निमित्ताने पोरगी दिवाळीला येते म्हटल्यावर त्या माउलीने नियमांना शिव्या देणं बंद केलं.

शेवटचा कागद आरोग्य प्रमाणपत्राचा. तो युरोपच्या ठरलेल्या नमुन्यात लागतो आणि खाजगी डॉक्टरची सही त्यावर चालत नाही. केंद्र सरकारची पशू विलगीकरण आणि प्रमाणन सेवा आहे, तिची कार्यालयं दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथं. नागपूरला नाही. वेळ आधी घ्यायची, सगळे मूळ कागद न्यायचे आणि कुत्रंही समोर उभं करायचं. अधिकारी चिप वाचून कागदांशी जुळवतात. या प्रमाणपत्रावर सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपच्या विमानतळावर तपासणी व्हायला हवी, म्हणून हे काम महिनाभर आधी उरकून ठेवता येत नाही. सगळे कागद तयार असले तरी शेवटचा आठवडा पळापळीचाच जातो.

त्या नमुन्यात जातीचा रकाना असतो. मी रोज जातीचे दाखले काढून देणारा माणूस, कुत्र्याच्या जातीपाशी माझा हात अडला. शेवटी 'मिश्र' लिहिलं. हसण्यावारी नेऊ नका, या रकान्याला वजन आहे. पिट बुल, बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर आणि स्टॅफर्डशायर बुल टेरियर ही कुत्री आणि त्यांचे संकर जर्मनी आत घेत नाही. हौसेने पिट बुल पाळणाऱ्यांनी तिकिटाआधी हे पाहावं.

उभे कान महाग पडतात

पिंजऱ्याचे नियम विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयाटाने, ठरवले आहेत. कुत्र्याला आत ताठ उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. त्यासाठी चार मापं घ्यायची: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल ते. लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची शेवटच्या मापाइतकी, वर अंथरुणाची जाडी.

गावच्या टेलरची टेप आणून आम्ही ओसरीवर भुऱ्याला मोजला. ७२, ३४, २० आणि ६६ सेंटीमीटर. लांबी आली ८९, रुंदी ४०. ९१ × ६१ × ६६ चा तयार पिंजरा लांबी-रुंदीला बसत होता. पण ६६ ही त्याची बाहेरची उंची, आतून कमी. आणि भुऱ्याचे कान उभे! कान पडके असते तर भागलं असतं. त्यापुढचं माप १०२ × ६९ × ७६, तेच घ्यावं लागलं.

यात पैशाचा प्रश्न कुठं, तर इथं: कार्गोत वजन नुसतं काट्यावरचं धरत नाहीत, जागेचंही धरतात. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ६००० ने भागायचं. ते आणि खरं वजन यातलं जे जास्त त्यावर पैसे. भुऱ्या १८ किलोचा. लहान पिंजऱ्यात हिशेब ६१ किलोचा झाला असता, मोठ्यात ८९ किलोचा. म्हणजे दोन कानांच्या टोकांचं भाडं २८ किलो. काकांनी भुऱ्याकडे असं पाहिलं जसं कुणी शेंगा खाल्लेल्या बैलाकडे पाहतं.

पिंजरा दोन महिने आधी आणून ओसरीवर ठेवला, दार उघडं. आयुष्यात साखळी न पाहिलेलं कुत्रं, त्याला एकदम कोंडलं तर ते जीव काढेल. आधी भाकर पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या कोपऱ्यात. नवरात्र येईपर्यंत भुऱ्या दुपारी स्वतःहून आत जाऊन झोपायला लागला. एक मांजरही जायला लागली, तो भाग वेगळा.

गुंगीचं औषध देऊन पाठवू, असं सगळ्यांच्या मनात येतं. देऊ नका. उंचावर त्याने रक्तदाब पडतो, श्वास मंदावतो, विमान हललं तर कुत्र्याला तोल सावरता येत नाही, आणि बऱ्याच कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. जनावरं ठेवतात तो विमानाचा खालचा कप्पा हवेच्या दाबाचा असतो. तिथं गोठून मरतात ही समजूत चुकीची आहे. खरा धोका जमिनीवर, तापलेल्या धावपट्टीवर थांबताना. म्हणून ऊन वाढलं की अनेक विमान कंपन्या जनावरं नाकारतात. आपल्याकडे ४५ अंशांचा मे असतो. एप्रिल ते जून हा बेत धरूच नका. पग, शिह त्झू, पर्शियन मांजर असली चपट्या नाकाची जनावरं तर उन्हात श्वासालाच कमी पडतात. त्यांना मोठा पिंजरा लागतो आणि काही कंपन्या त्यांना घेतच नाहीत.

मुंबईपर्यंत कसं जायचं यावर घरात दोन तट पडले. रेल्वेत कुत्रं न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर गार्डाच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. वर्ध्याहून रात्रभर त्या पेटीत, एकटं? पोरगी म्हणाली, मग मीही पेटीत बसते. शेवटी गाडी केली. समृद्धी आमच्या तालुक्यातूनच जातो. संध्याकाळी निघाले, दर दोन-तीन तासांनी थांबत उजाडता मुंबई.

डब्यात काय द्यायचं हेही सांगतो, कारण इथं आया चुकतात. युरोपात बाहेरचं मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, ना कुत्र्यासाठी ना माणसासाठी. भुऱ्याची दूधभाकर गेली, त्यासोबत पोरीचं तूप आणि पेढेही गेले. चिवडा आणि शंकरपाळे चालले. दुधात मळलेले नव्हते ना, हे काकूंना तीनदा विचारून घेतलं.

बाकीचे देश, भराभर

ब्रिटनचा क्रम युरोपसारखाच, पण विमानाने येणारं जनावर तिथं कार्गो म्हणूनच उतरतं, आणि कुत्र्याला पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मधे डॉक्टरकडून फीतकृमीचं औषध लागतं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही हे औषध लागतं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, आणि सीडीसी या त्यांच्या संस्थेचा ऑनलाइन फॉर्म हवा. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचा चिप-लसीचा वेगळा फॉर्म आणि ठरावीक विमानतळांजवळच्या नोंदणीकृत केंद्रात आधी बुकिंगही लागतं. रक्त लसीनंतर ३० दिवसांनी आणि पोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं असावं. तो अहवाल नसेल तर २८ दिवस त्या केंद्रात. मांजराला सीडीसी यातलं काही मागत नाही, पण राज्य आणि विमान कंपनी मागू शकते.

कॅनडा सगळ्यात हलका. मालकासोबत जाणाऱ्या घरच्या मोठ्या कुत्र्याला रेबीज लसीचं प्रमाणपत्र पुरतं. मात्र विकायला किंवा दत्तक द्यायला भारतातून कुत्री नेणं २८ सप्टेंबर २०२२ पासून बंद आहे. जपानला दोन लसी, रक्त, मग १८० दिवस थांबणं, आणि पोचण्याच्या ४० दिवस आधी कळवणं. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रं-मांजर घेतच नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या एखाद्या देशातून जावं लागतं.

हे सगळं मी काउंटरवर सांगत असताना रांगेतल्या एका आजीने विचारलं, "मंग माह्या राघूले नेता येते का रे?" त्यांचा नातू कॅनडात असतो. आजीला कसं सांगावं कळेना. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळणंच वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. देशाबाहेर नेण्याची गोष्ट तर दूरच, आणि रानातून उचललेल्या कासवाचंही तेच. आजी म्हणाल्या, "तो तं सोताहून आला होता." मी सातबारा छापायला घेतला.

परतीचं

नोव्हेंबर सरता सरता काका पुन्हा दुकानात आले. मोबाइल पुढे केला. फोटोत भुऱ्या, अंगात लाल जाकीट, तोंडावर भयंकर अपमानाचा भाव. खाली पोरीच्या हातात एक निळी पुस्तिका.

"निघाला ना पासपोर्ट, भाऊ."

तो निघतो, पण तिथं. कुत्र्या-मांजराचा युरोपीय पासपोर्ट युरोपातलाच डॉक्टर करून देतो. आपल्याकडे दवाखान्यातून मिळणाऱ्या लसीच्या पुस्तकावर मोठ्या अक्षरात पासपोर्ट छापलेलं असलं तरी ते लसीचं पुस्तकच. निळ्या पासपोर्टाचा मोठा फायदा असा की युरोपातून बाहेर पडण्याआधी रक्ताचा निकाल त्यात नोंदवून घेतला आणि लस कधी चुकवली नाही, तर परत शिरताना ते तीन महिने थांबावं लागत नाही.

काकांचा प्रश्न वेगळा होता. "तिकडं जाण्याचं झालं. आता इकडं कधी आणता येते त्याले?"

भारतात आणतानाही त्याच केंद्रीय सेवेची ना-हरकत आधी घ्यावी लागते. आणि सामानासोबत प्राणी आणायची मुभा आहे, एका माणसाला दोन, ती परदेशात दोन वर्षं राहून मुक्काम इकडे हलवणाऱ्याला. भुऱ्याचं इथून निघालेलं प्रमाणपत्र फायलीत जपून ठेवा, तेवढं मी सांगितलं.

काकांनी माझ्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "जूनमधी गेली ती," म्हणाले आणि बोटांवर मोजायला लागले. एक पेरणी, दुसरी पेरणी. मग थांबले. "आन् तेबी ती कायमची आली तं." मागचा माणूस सातबाऱ्याचे पैसे हातात धरून उभा होता. काका बाजूला झाले, पण गेले नाहीत. मोबाइलवरचा तोच फोटो मोठा करून लाल जाकिटातून वर आलेले कान पाहत पायरीवर बसले.